टॉर्क कन्व्हर्टर आणि मागच्या आसाची दंतचक्रे : जोडीने घ्यावयाचा निर्णय

हैदराबाद शहरातील विद्यानगर हा भाग उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरालगत आहे. आरटीसी चौरस्त्याकडून येणारी बस विद्यानगरातून अडिकमेटच्या पुलावर चढते, रेल्वेमार्ग ओलांडते आणि विद्यापीठ व तार्नाक्याच्या दिशेने जाते. अंतर थोडे आहे. परंतु या थोड्या अंतरात बसला कितीतरी वेळा थांबावे लागते, पुन्हा निघावे लागते, आणि मध्येच भरलेल्या गाडीने पुलाचा चढ चढावा लागतो. तीच बस उद्या हैदराबादहून सोलापूरच्या रस्त्यावर पाठविली, तर तिला तासन् तास एकाच वेगाने धावावयाचे असते. इंजिन तेच, चालक तोच, प्रवासीही तितकेच. तरीही ही दोन कामे अगदी निराळी आहेत.

या दोन कामांसाठी गाडीच्या पोटातील कोणते भाग निराळे असावे लागतात, हे समजावून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विशेषतः ज्या गाड्यांना पायाने दाबण्याचा क्लच नसतो, त्यांच्यात टॉर्क कन्व्हर्टर आणि मागच्या आसाची दंतचक्रे या दोहोंचा मेळ बसणे अत्यावश्यक असते. हा मेळ न पाहता एकच भाग बदलला, तर गाडी दमते, तेल जळते, डिझेल अधिक लागते आणि प्रसंगी घाटात प्रवाशांच्या जिवाशी गाठ पडते.

क्लचपासून तेलापर्यंत

निजाम संस्थानात १९३२ साली रेल्वे खात्याच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्या व १६६ कर्मचारी यांच्यासह सरकारी मोटार वाहतूक सुरू केली. मराठवाडा त्या वेळी याच संस्थानात होता. त्या काळच्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची तबकडी असे, आणि चालकाला दर थांब्यावर क्लच दाबून गिअर बदलावे लागत. पुढेही अनेक दशके आपल्याकडील बहुतेक बसगाड्या अशाच होत्या. २००९ नंतर केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेतून अनेक शहरांत खालच्या तळाच्या बसगाड्या आल्या. त्यांपैकी काहींना आपोआप गिअर बदलणारी पेटी होती, आणि त्या पेटीच्या पुढे क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर होता.

हे साधन मूळचे मोटारीचे नव्हे. जर्मनीतील हेर्मान फ्योटिंगर या अभियंत्याने जहाजाच्या पंख्यासाठी त्याची कल्पना मांडली आणि १९०५ साली तिचे पेटंट घेतले. आपल्या देशात रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी मनमोहन सुरी या अभियंत्याने याच तत्त्वावर एक नवी प्रेषण-यंत्रणा तयार केली. ‘सुरी ट्रान्समिशन’ या नावाने ती ओळखली जाते. अभियांत्रिकी शास्त्रांसाठीचे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक त्यांना १९६२ साली मिळाले. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीने अशा यंत्रणा रेल्वेसाठी बनविल्या.

खेड्यातील वाचकांना हे साधन परके वाटण्याचे कारण नाही. शेततळे खणावयास किंवा रस्त्याची माती ओढावयास जे जेसीबी यंत्र गावात येते, त्यातही टॉर्क कन्व्हर्टर असतो. मातीच्या ढिगाला फावडे भिडले, यंत्र जागीच अडले, तरी त्याचे इंजिन बंद पडत नाही. ते गुरगुरत जोर लावीतच राहते. क्लचची गाडी अशी अडली असती तर इंजिन तात्काळ बंद पडले असते. हा फरक तेलामुळे पडतो.

टॉर्क कन्व्हर्टर कसा चालतो?

‘टॉर्क’ म्हणजे पीळ, अर्थात फिरविणारा जोर. लांब पान्ह्याने घट्ट नट सुटतो आणि आखूड पान्ह्याने सुटत नाही, याचे कारण लांब पान्ह्याने पीळ अधिक मिळतो हेच होय.

ताकाच्या भांड्यात रवी एकाच दिशेने जोराने फिरविली, तर ताक फिरू लागते, आणि गुळगुळीत फरशीवर ठेवलेले भांडेही त्याच दिशेने फिरू पाहते. रवी भांड्याला चिकटलेली नसते. तरीही तिचा पीळ ताकातून भांड्यापर्यंत पोहोचतो. शिक्षकांना हेच वर्गात दाखवावयाचे असेल तर दोन टेबल पंखे समोरासमोर ठेवावेत आणि एकच सुरू करावा. दुसरा पंखा विजेला न जोडताही फिरू लागतो.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाला जोडलेले पात्यांचे चक्र तेल बाहेर फेकते. त्यास पंप म्हणतात. हे तेल समोरच्या दुसऱ्या चक्राच्या पात्यांवर आदळते आणि ते चक्र गिअरबॉक्सला फिरविते. ते टर्बाइन होय. येथवर दोन पंख्यांचीच गोष्ट झाली. अशा यंत्रात पीळ एका चक्राकडून दुसऱ्याकडे पोहोचतो, पण वाढत नाही.

पीळ वाढविण्याचे काम तिसरे चक्र करते. त्याला स्टेटर म्हणतात. टर्बाइनमधून परतणारे तेल उलट दिशेने वाहत असते. ते तसेच पंपावर आले तर पंपाला अडवील. पाटाचे पाणी दगड लावून आपण हव्या त्या वाफ्यात वळवितो, त्याप्रमाणे स्टेटरची स्थिर पाती परतणारे तेल पंपाच्या फिरण्याच्या दिशेने वळवितात. त्यामुळे पंपाला मदत होते आणि टर्बाइनवरील पीळ वाढतो. गाडी जागेवर असताना ही वाढ साधारण दुप्पट असते. गाडीचा वेग वाढत जातो तसतशी ती कमी होते. शेवटी दोन्ही चक्रे जवळजवळ सारख्या वेगाने फिरू लागली की स्टेटरही सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणे मोकळा सुटून त्यांच्याबरोबर फिरतो. त्यानंतर पीळ वाढत नाही. आधुनिक कन्व्हर्टरमध्ये याच सुमारास एक आतला क्लच बसतो आणि दोन्ही चक्रे एकमेकांना घट्ट जोडतो; त्यास लॉक-अप म्हणतात.

चाके रोखून धरली आणि इंजिनाला पूर्ण डिझेल दिले, तर इंजिन एका ठरावीक वेगापर्यंत चढते आणि तेथेच थांबते. हा कन्व्हर्टरचा स्टॉल वेग होय. तो इंजिनाच्या पिळावर आणि कन्व्हर्टरच्या आकारावर अवलंबून असतो. कन्व्हर्टर किती पीळ पेलू शकतो हे त्याच्या व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलते. व्यास एक दशांशाने कमी केला तर त्याची पीळ पेलण्याची शक्ती जवळजवळ ४१ टक्क्यांनी घटते, आणि इंजिनाचा पीळ तितकाच राहिला तर स्टॉल वेग सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे लहान कन्व्हर्टर ‘सैल’ असतो व मोठा ‘घट्ट’ असतो.

मागच्या आसातील दंतचक्रे

गिअरबॉक्समधून निघालेला दांडा मागच्या आसापर्यंत येतो. तेथे एक लहान दंतचक्र एका मोठ्या दंतचक्राला फिरविते. वर्कशॉपमध्ये या जोडीला क्राऊन-पिनियन म्हणतात. पिनियनला ६ दाते आणि क्राऊनला ४१ दाते असतील तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी दांड्याला ६.८३ फेरे घ्यावे लागतात. वेग जितका घटतो तितका पीळ वाढतो. पहारीने धोंडा उचलताना हात पुष्कळ हलतो आणि धोंडा थोडा हलतो, पण जोर वाढतो; तसाच हा व्यवहार आहे.

एका बसचा नमुना हिशेब पाहू. तिच्या टायरचा एक फेरा ३.२ मीटरचा आहे असे धरू. म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ३१२ फेरे होतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला मिनिटास एक किलोमीटर पडतो, तेव्हा चाक मिनिटास ३१२ फेरे घेते. गिअरबॉक्स सरळ गिअरमध्ये असताना इंजिनाचे फेरे पुढीलप्रमाणे येतात :

४१ व ६ दाते, गुणोत्तर ६.८३ : मिनिटास सुमारे २,१३० फेरे.
४१ व ७ दाते, गुणोत्तर ५.८६ : मिनिटास सुमारे १,८३० फेरे.
४१ व ९ दाते, गुणोत्तर ४.५६ : मिनिटास सुमारे १,४२० फेरे.

एकाच बसचा वेग तोच असूनही दातांच्या फरकाने इंजिनाच्या चालीत मिनिटास सातशे फेऱ्यांचा फरक पडतो.

विद्यानगरची बस आणि सोलापूरची बस

आता दोन्ही गोष्टी एकत्र करू. इंजिनाचा पीळ ५० किलो-मीटर आहे, निघताना कन्व्हर्टर तो दुप्पट करतो, आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आहे असे समजू. आसाचे गुणोत्तर ६.८३ असेल तर चाकापर्यंत पोहोचणारी ओढ, घर्षणाची १५ टक्के तूट वजा जाता, सुमारे ४,००० किलो येते. गुणोत्तर ४.५६ असेल तर ती सुमारे २,६६० किलो येते.

प्रवाशांसह १५ टनांची बस, १५ मीटरला एक मीटर असा चढ असलेल्या पुलावर थांबली आहे. चढाचा व चाकांचा मिळून सुमारे १,१५० किलोंचा विरोध तिला होतो. तो वजा केल्यावर पहिल्या बसकडे वेग घेण्यासाठी २,८५० किलो ओढ उरते, तर दुसरीकडे १,५१० किलो. दुसरी बस चढते खरी, पण तिची उचल निम्म्याच्या आसपास असते. शहरात दिवसभर शेकडो वेळा निघावे लागणाऱ्या गाडीला हा फरक फार मोठा आहे.

यावरून कोणी म्हणेल की मोठ्या गुणोत्तराची दंतचक्रेच सर्वत्र बसवावीत. पण तीच ६.८३ ची बस सोलापूर रस्त्यावर न्या. इंजिनाची मर्यादा मिनिटास २,४०० फेऱ्यांची असेल, तर सरळ गिअरमध्ये ती ताशी सुमारे ६७ किलोमीटरला पोहोचताच मर्यादेवर येते. तासन् तास इंजिन ओरडत राहते, डिझेल वाया जाते आणि इंजिनाची झीज वाढते. ४.५६ ची बस ताशी ८० किलोमीटर वेगाला सुमारे १,९०० फेऱ्यांवर शांतपणे चालते. गिअरबॉक्सला सरळ गिअरच्या वर आणखी एखादा गिअर असेल तर ही अडचण काही अंशी दूर होते, पण पूर्ण नाही.

उष्णतेचा हिशेब

कन्व्हर्टर पीळ वाढवितो, परंतु शक्ती निर्माण करीत नाही. वेगाच्या घसरणीची किंमत तो उष्णतेच्या रूपाने वसूल करतो. त्याची कार्यक्षमता काढण्याची रीत सोपी आहे : वेगाचे प्रमाण गुणिले पिळाचे प्रमाण.

शहरातील बस दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २० किलोमीटरने चढत आहे, त्या गिअरचे गुणोत्तर १.८६ आहे, आणि इंजिन १,६०० फेऱ्यांवर आहे असे समजा. आसाचे गुणोत्तर ६.८३ असल्यास टर्बाइनचे फेरे सुमारे १,३२० होतात. वेगाचे प्रमाण ०.८३ येते, येथे कन्व्हर्टर जवळजवळ जोडल्यासारखा असतो व लॉक-अप बसू शकतो. गुणोत्तर ४.५६ असल्यास टर्बाइनचे फेरे केवळ ८८० भरतात. वेगाचे प्रमाण ०.५५, आणि पिळाचे प्रमाण १.४५ धरले तर कार्यक्षमता ८० टक्के होते. इंजिन ८० किलोवॅट शक्ती देत असेल तर १६ किलोवॅट शक्ती केवळ तेल तापविण्यात जाते. पाणी तापविण्याच्या एक किलोवॅटच्या सोळा कांड्या एकाच वेळी त्या तेलात बुडविल्यासारखे हे आहे. चालकाने खालचा गिअर धरला तर ही उष्णता कमी होते. परंतु दर चढावर खालचा गिअर धरावा लागत असेल, तर आसाचे गुणोत्तर त्या रस्त्याला योग्य नाही असाच त्याचा अर्थ होतो.

गिअरबॉक्सचे तेल साधारणपणे ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. ते वारंवार १२० अंशांच्या वर गेल्यास काळे पडते, त्याला करपट वास येतो, आणि आतील क्लचच्या तबकड्या घसरू लागतात. तेलाचे आयुष्य मग झपाट्याने घटते.

जोडी कशी जुळवावी?

येथे मुख्य मुद्दा येतो. सैल कन्व्हर्टर बसविल्याने निघताना इंजिन चटकन वर चढते आणि गाडीला उचल आल्यासारखी वाटते. पण त्याच्यामागे लहान गुणोत्तराचा आस ठेवला, तर टर्बाइन नेहमीच मागे राहते आणि जोर लावताच घसरण व उष्णता सुरू होते. याउलट घट्ट कन्व्हर्टर आणि मोठ्या गुणोत्तराचा आस अशी जोडी केली, तर घसरण कमी होते खरी. परंतु निघताना इंजिन आपल्या जोराच्या टप्प्यापर्यंत चढूच शकत नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर मात्र ते विनाकारण ओरडते. एक दोष दूर करण्यासाठी एकच भाग बदलला की दुसरा दोष उभा राहतो.

विचाराचा क्रम असा ठेवावा :

१. गाडी दिवसातील बहुतेक वेळ कोणत्या वेगाने आणि कशा रस्त्यावर चालते, हे प्रथम ठरवावे. कधीतरी गाठलेला अधिकतम वेग हा आधार धरू नये.

२. टायरच्या एका फेऱ्याचे अंतर भरलेल्या गाडीवर प्रत्यक्ष मोजावे. टायरचा आकार बदलणे म्हणजे आसाचे गुणोत्तर बदलण्यासारखेच आहे.

३. नेहमीच्या वेगाला, लॉक-अप बसलेले असताना, इंजिन आपल्या भरपूर पिळाच्या आणि कमी इंधनाच्या टप्प्यात राहील, असे आसाचे गुणोत्तर निवडावे.

४. त्यानंतरच कन्व्हर्टर निवडावा. त्याचा स्टॉल वेग इंजिनाचा पीळ जेथे भरास येतो तेथवर पोहोचणारा असावा. मात्र नेहमीच्या धावण्याच्या फेऱ्यांच्या वर नसावा.

५. गिअर बदलण्याचे वेग आणि तेल थंड करणारे रेडिएटर या नव्या जोडीला पुरेसे आहेत की नाही, हे तपासावे.

हाच क्रम खासगी मोटारींनाही लागू आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या मोटारीला रस्त्यावर अधिक चपळ करण्याच्या हौसेने पुष्कळजण केवळ सैल कन्व्हर्टर बसवितात. टायरचा फेरा २.१ मीटर आणि आसाचे गुणोत्तर ३ असेल, तर ताशी ६० किलोमीटरला, सरळ गिअरमध्ये, दांडा मिनिटास सुमारे १,४३० फेरे घेतो. स्टॉल वेग २,६०० असलेला कन्व्हर्टर हलक्या पायाने चालविताना फारसा त्रास देत नाही. परंतु पुढच्या गाडीला ओलांडण्यासाठी पाय दाबताच इंजिन वर चढते, आवाज वाढतो, आणि गाडी मात्र त्या मानाने पुढे सरकत नाही. गुणोत्तर ४.१ असते तर दांड्याचे फेरे १,९५० च्या आसपास असते आणि घसरण पुष्कळ कमी राहिली असती.

घाटाचा उतार

चढाइतकाच उताराचाही विचार हवा. क्लचच्या गाडीत इंजिन चाकांना घट्ट जोडलेले असल्यामुळे उतारावर ते गाडीला रोखून धरते. कन्व्हर्टर मोकळा असताना हा रोध पुष्कळ कमी मिळतो. त्यातच आसाचे गुणोत्तर लहान केले तर तो आणखी घटतो, आणि सारा भार ब्रेकवर येतो. कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात ब्रेक तापून निकामी होणे किती घातक ठरते, हे सांगावयास नको. अशा गाडीच्या चालकाने उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर धरावा, रिटार्डर असल्यास त्याचा उपयोग करावा, आणि उतारावर गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडू नये.

तपासणीच्या दोन रीती

आसाचे गुणोत्तर आस न उघडताही मोजता येते. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दगड लावावेत, इंजिन बंद ठेवून गिअर मोकळा करावा, आणि मागची दोन्ही चाके भक्कम आधारावर उचलावीत. चाकावर व दांड्यावर खडूची खूण करावी. दोन्ही चाके बरोबरीने एक फेरा फिरवून दांड्याचे फेरे मोजावेत, हेच गुणोत्तर. एकच चाक उचलले असेल तर डिफरन्शियलमुळे ते दुप्पट फिरते. म्हणून त्या चाकाचे दोन फेरे घेऊन दांड्याचे फेरे मोजावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

स्टॉल वेगाची चाचणी मात्र प्रशिक्षित कारागिरानेच, निर्मात्याने सांगितलेल्या रीतीने व काही सेकंदांपुरतीच करावी. गाडीपुढे कोणीही उभे राहू नये. वेग अपेक्षेपेक्षा कमी भरला तर इंजिन दुबळे झाले असावे किंवा स्टेटरचा एकमार्गी क्लच घसरत असावा. जास्त भरला तर तेल कमी असावे किंवा गिअरबॉक्समधील तबकड्या घसरत असाव्यात, असा अंदाज बांधता येतो.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून कोणताही मोठा फेरफार करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. आसाचे गुणोत्तर किंवा टायर बदलल्यावर वेगदर्शक काट्याने चुकीचा वेग दाखविण्याचा संभव असतो, आणि वेगमर्यादकाची मोजणीही बिघडू शकते. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत पुढच्या व मागच्या आसांचे गुणोत्तर एकमेकांशी जुळलेलेच असावे लागते. एकच आस बदलल्यास यंत्रणा मोडते.

समारोप

हैदराबादमध्ये २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या बसगाड्याही धावू लागल्या. विजेची मोटर शून्य वेगापासूनच भरपूर पीळ देत असल्याने अशा गाडीला टॉर्क कन्व्हर्टरची गरज राहत नाही. तरीसुद्धा मोटर आणि चाक यांच्यामधील दंतचक्रांचे गुणोत्तर शहरासाठी किती आणि लांबच्या रस्त्यासाठी किती, हा प्रश्न तेथेही उरतोच.

बैलजोडी निवडताना एक बैल जोरकस आणि दुसरा मंद असून चालत नाही. दोघांची चाल जुळावी लागते, आणि ती शेताच्या मातीलाही मानवावी लागते. टॉर्क कन्व्हर्टर आणि मागच्या आसाची दंतचक्रे यांचेही तसेच आहे. आगार व्यवस्थापकांनी गाडीला मार्ग नेमून देताना, कारागिरांनी सुटे भाग मागविताना आणि मालकांनी हौसेखातर खर्च करताना प्रथम रस्त्याकडे पाहावे, मग आसाकडे, आणि त्यानंतर कन्व्हर्टरकडे. हा क्रम पाळल्यास डिझेलची बचत होईल, यंत्राचे आयुष्य वाढेल, आणि मुख्य म्हणजे विद्यानगरच्या पुलावर काय किंवा घाटाच्या वळणावर काय, गाडीतील माणसे सुखरूप राहतील.